गाडी डावीकडे ओढते

मी गाडी शिकले ती चाळिशी उलटल्यावर, आणि हौस म्हणून नाही. माझं माहेर धारचं, सासर देवासचं, आणि मधे इंदूर. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा मी दर आठवड्याला देवासहून इंदूर आणि तिथं बस बदलून धार अशी जात होते. घरात गाडी होती, पण ती हे चालवत, आणि यांची कारखान्यातली पाळी कधी सुटायची नाही. वडील गेले त्या दिवशी सकाळीसुद्धा मी यांना म्हटलं होतं, आज मला सोडून या, फोनवर आईचा आवाज बरा वाटला नाही. हे म्हणाले, रविवारी जाऊ. वडिलांनी डोळे मिटले तेव्हा मी इंदूरच्या बसस्टँडवर धारच्या बसमध्ये बसले होते आणि कंडक्टर बस भरायची वाट पाहत दारात उभा राहून सवाऱ्या बोलावत होता.

वडिलांचे दिवस झाले, मी देवासला परतले आणि त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. पुढं माझ्या नावावर एक लहान पांढरी गाडी घेतली. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. शाळेतल्या बायकांना माझं कौतुक वाटलं. सासरी मात्र कुणी काही बोललं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की आता धारच्या फेऱ्या वाढणार.

त्या वाढल्याच. आई धारला एकटी राहत होती. मी एकुलती एक, आणि आई जुन्या वळणाची. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारी. देवासला यायची ती सकाळी येऊन संध्याकाळी परत जाण्यापुरती, येताना स्वतःची पाण्याची बाटली आणि डब्यात पोळीभाजी घेऊन. तिला देवासला कायमचं आणावं हा विषयच आमच्यात निघत नसे. मग तिच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. पडद्यामागं पाणी साठतं म्हणाले, इंदूरला ठरलेल्या वेळी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, चुकवायचं नाही. मी शनिवारी धारला जायची, आईला घेऊन इंदूर, परत धार, आणि रात्र तिच्याजवळ काढून रविवारी देवास. आई माझ्या शेजारच्या सीटवर बसायची. पट्टा लावताना पदर दोनदा सारखा करायची. घाटाबिल्लोदच्या पुढं रस्ता मोकळा झाला की गुणगुणायला लागायची. शेजारणीला ती सांगायची, "माझी लेक स्वतः घेऊन जाते मला, जावयाला त्रास नाही." हे ऐकून मला बरं वाटायचं. तेव्हा वाटायचं.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी गाडीचं स्टिअरिंग कधी कधी जड व्हायला लागलं. सकाळी चालू केली की पहिल्या वळणाला हात दुखावेत इतकं, मग अचानक हलकं. वळवताना आतून कट्कट् असा आवाज. माझे दीर, यांचे धाकटे भाऊ, त्यांचं भोपाळ रस्त्यावर गॅरेज आहे. त्यांचा हात चांगला आहे, हे मी आजही म्हणेन. सोनकच्छपासून लोक गाड्या घेऊन येतात त्यांच्याकडं. घरातलं गॅरेज असताना बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. भाऊजींनी पाहून सांगितलं, की या गाडीत स्टिअरिंगला विजेची मोटार मदत करते आणि ती मोटार गेलेली आहे. मोटार एकटी बदलत नाही, दांड्यासकट सगळा संच बदलावा लागेल. त्यांनी संच मागवला, बसवला आणि गाडी स्वतः घरी आणून दिली. "वहिनी, अब मक्खन," म्हणाले.

हलकं झालं होतं, ते खरं. एका बोटानं फिरावं इतकं. पण दुसऱ्याच दिवशी शाळेत जाताना माझ्या लक्षात आलं, की गाडी सरळ जात नाही. डावीकडं सरकते. जोरात नाही, एखादं मूल बोट धरून ओढतं तशी. उजव्या हातानं सतत थोडं धरून ठेवावं लागत होतं. आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप जागेवर यायचं ते येत नव्हतं, उजवीकडं वळवलं तर लगेच परतायचं आणि डावीकडं वळवलं तर तिथंच बसून राहायचं.

मी संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी तिथल्या तिथं भावाला फोन लावला. भाऊजी आले, चाकांतली हवा तपासली, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट केलं. काही फरक पडला नाही. मग पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावून पाहिली. तरी तेच. इथपर्यंत त्यांनी केलं ते बरोबरच होतं. कुणीही याच क्रमानं गेलं असतं. पण त्यानंतर त्यांनी गाडी बायपासवर फिरवून आणली, चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वहिनी, गाडीत काही नाही. रस्ता डावीकडं उतरता असतो, पाणी जायला. सगळ्याच गाड्या थोड्या ओढतात. आधी जड होती म्हणून तुम्हाला कळत नव्हतं."

हे म्हणाले, "सवय होईल."

रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो हे मलाही ठाऊक होतं. तेव्हा मी एका सकाळी लवकर उठून आमच्या मागच्या नव्या कॉलनीत गेले. तिथं रस्ते झालेत, घरं अजून नाहीत. तिथं मी गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवली. रस्त्याच्या उताराचा प्रश्न असता तर तिनं उजवीकडं जायला हवं होतं. ती डावीकडं, चढाच्या दिशेनंच गेली. मग शाळेच्या सपाट मैदानावर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, मी दोन्ही हात मांडीवर घेतले. स्टिअरिंग हळूहळू आपणहून डावीकडं फिरायला लागलं. कुणी बसलेलं नसताना खुर्ची हलावी तसं मला झालं. मी पुन्हा मधे आणलं, पुन्हा सोडलं, पुन्हा फिरलं. इंजिन बंद केलं तर जागचं हललं नाही. म्हणजे चाकांत काही नाही, रस्त्यात काही नाही. जी मदत करायला बसवली होती तीच ओढत होती.

हे मी दोघा भावांना एकत्र बसवून, नीट, पायरी पायरीनं सांगितलं. आमच्या घरी गौरी जेवणाच्या दिवशी, पंगत उठल्यावर. भाऊजी ऐकत होते, मान हलवत होते. माझं झाल्यावर त्यांनी यांच्याकडं पाहिलं आणि हे हसले. फार नाही, ओठांच्या कडेनं. भाऊजी म्हणाले, "भिया, वहिनींनी तर पेपर काढला आमचा." सगळे हसले. सासूबाईही हसल्या. मीही थोडी हसले, कारण पाहुणे होते. नंतर यांच्या एका आतेभावानं माझ्या गाडीला डाव्या पक्षाची गाडी म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव टिकलं. दिवाळीपर्यंत घरात कुणीही माझ्या गाडीविषयी बोलायचं तर असंच.

हे मी मराठीत लिहिते आहे, आणि ते मुद्दाम आहे. यांना मराठी बोलता येतं, पण शाळा हिंदीतली. एवढं मोठं मराठी वाचायला बसायचे नाहीत. मुलगा तर इंग्रजी शाळेतला, त्याला अक्षरं लावावी लागतात. हे कागद मी टेबलावर उघडे ठेवते. कुणी हात लावत नाही.

मी बाहेर गाडी दाखवायला हवी होती, असं कुणी म्हणेल. मी एकदा विषय काढला होता. त्यावर घरात जे झालं ते असं, की भाऊजींचा अपमान, सोनकच्छचे लोक येतात आणि घरची बाई बाहेर जाते, धंद्याची काय अब्रू राहील. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी म्हटलं राहू दे, हातानं धरून ठेवता येतं तोवर ठेवू. उजव्या खांद्यात कळ यायला लागली होती. त्यावर मलम लावायची.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी शेतं रिकामी होती, सोयाबीन निघून गेलेलं, रस्त्याच्या कडेला भुसा उडत होता. मी आईला घेऊन धारहून निघाले होते. घाटाबिल्लोद सुटून थोडं पुढं आलो होतो. आई सांगत होती की सरदारपूरच्या मावशीच्या नातीचं ठरलं, मुलगा कुक्षीचा आहे, सरकारी नोकरीत. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तिच्या पुढं जायला मी उजवीकडं घेतलं, पुढून ट्रक येताना दिसला म्हणून परत डावीकडं आत आले. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं. मग रस्ता सरळ राहिला आणि गाडी डावीकडं जातच राहिली. मी उजवीकडं ओढलं आणि स्टिअरिंग दगडासारखं झालं. हलकेपणा एका क्षणात गेला, कुणी हात काढून घ्यावा तसा. मी दोन्ही हातांनी, खांद्यानं, सगळ्या अंगानं ओढलं. ते फिरलं, पण उशिरा. ब्रेक दाबलेला होताच. गाडी कडेच्या मातीवर उतरली, घसरली आणि आईच्या बाजूनं एका बाभळीला जाऊन टेकली.

फार मोठा आवाज झाला नाही. आईनं समोर हात टेकवले होते, त्यामुळं तिचं मनगट मोडलं. कपाळाला खोक पडली. ती रडली नाही, ओरडली नाही. "माझा चष्मा बघ गं," म्हणाली. तो तिच्या पायाशी होता, अखंड. ट्रॉलीवाले नवराबायको थांबले, पळत आले. त्या बाईनं आपल्या ओढणीनं आईचं कपाळ दाबून धरलं आणि मागून आलेल्या एका जीपमधून आमच्याबरोबर इंदूरच्या दवाखान्यापर्यंत आली. तिला मी पुन्हा कधी भेटले नाही.

हे दुपारी आले. आईच्या हाताला प्लॅस्टर चढत होतं आणि मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्या साडीवर आईच्या कपाळाचं रक्त होतं. यांनी पहिल्यांदा विचारलं, "ब्रेक का नाही लावलास?"

मी म्हटलं, लावला होता. स्टिअरिंग अडकलं.

"स्टिअरिंग असं अडकत नाही," हे म्हणाले. "तू घाबरलीस." मग माझ्या पर्समधून त्यांनी गाडीची चावी काढून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. रागानं नाही. पोराच्या हातातली सुरी काढून घेतात तितक्या शांतपणे.

आत गेल्यावर आई गुंगीत होती. मला पाहून म्हणाली, "जरा हळू चालवायची होतीस." बाकी कुणाचं काही मला लागलं नसेल तितकं हे लागलं. मी हळूच चालवत होते. ती शेजारीच बसली होती, तिला माहीत होतं.

आईला देवासला आणावं लागलं, दुसरा इलाजच नव्हता. उजवा हात गळ्यात बांधलेला, डोळ्यांनी आधीच कमी दिसणारं. जी बाई माझ्याकडं पाणी पीत नव्हती तिला मी भात कालवून भरवत होते. पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडायच्या आधी डोळे मिटून घेतले. जपमाळ डाव्या हातानं ओढायची आणि मणी चुकला की पहिल्यापासून सुरू करायची. यांच्यासमोर ती पदर सावरून, भिंतीला चिकटून बसायची, जणू उसनी जागा घेऊन बसली आहे. त्या गडबडीत डोळ्याचं इंजेक्शन चुकलं. टाके, ताप, प्लॅस्टर यांत डॉक्टरांनीच आधी थांबा म्हटलं, मग तारीख मिळेना, मग यांना सुट्टी मिळेना. चावी अजून यांच्या खिशात होती.

भाऊजींनी दरवाजा ठोकून, रंगवून गाडी परत आणून अंगणात लावली. स्टिअरिंगचं त्यांनी पाहिलं का, असं मी विचारलं. म्हणाले, पाहिलं, सगळं ओके आहे.

शाळेतल्या एका विज्ञान शिकवणाऱ्या बाईंकडं माझ्यासारखीच गाडी आहे, तेच मॉडेल. त्या दिवसांत त्या मला घरी सोडायच्या. एका दुपारी त्यांनी चावी फिरवली आणि मी सहज समोर पाहिलं. चावी फिरवली की समोरच्या मीटरच्या काचेमागं सगळे छोटे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात, हे कुणीही पाहिलेलं असतं. त्यांच्या दिव्यांत एक स्टिअरिंगच्या चाकाचं चित्र होतं आणि त्याच्या बाजूला उद्गारचिन्ह. पिवळा दिवा. लागला आणि विझला. मी त्यांना चावी पुन्हा फिरवायला सांगितली. त्यांनी फिरवली. पुन्हा लागला, पुन्हा विझला. त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही.

माझ्या गाडीत असा दिवा होता. आधी होता, मला आठवत होतं. ज्या दिवसांत स्टिअरिंग जड व्हायचं तेव्हा तो कधी कधी लागलेला राहायचा आणि तेच तर मी भाऊजींना पहिल्यांदा सांगितलं होतं. संच बदलल्यापासून तो मी पाहिला नव्हता. मला वाटलं होतं दुरुस्त झालं म्हणून लागत नाही.

दुसऱ्या दिवशी हे पाळीवर गेल्यावर मी कपाटातली जादा चावी काढली. ती तिथं आहे हे यांना माहीतच नव्हतं. आई खिडकीत बसून बघत होती. मी गाडीत बसून चावी फिरवली. हवेचा दिवा, तेलाचा, ब्रेकचा, पट्ट्याचा, सगळे लागले. त्या चाकाच्या चित्राच्या जागी काळं. मी बंद करून पुन्हा फिरवली. काळं. पुन्हा. अंगणात ऊन होतं म्हणून हाताचा आडोसा करून पाहिलं. तरी काळं.

बल्ब गेला असेल असं मी स्वतःला सांगितलं. पाच मिनिटं तरी सांगत होते.

मग मी ती गाडी घेऊन निघाले. बाभळीनंतर पहिल्यांदाच. आग्रा-मुंबई रस्त्यावर गाडीच्या कंपनीचं वर्कशॉप आहे, तिथपर्यंत सायकलच्या वेगानं गेले, लोक मागून हॉर्न मारत होते. तिथं एक तरुण मेकॅनिक होता, घाईत असलेला. मी बोलायला लागले तर त्यानं विचारलं, "सर नहीं आए साथ में?" मी म्हटलं, सर नाहीत, गाडी माझी आहे, मी सांगते. त्यानं पायाशी असलेल्या एका खाचेत यंत्राची तार लावली आणि पडद्यावर वाचून दाखवलं. मग त्याला मी पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलं ते असं.

स्टिअरिंगच्या दांड्यात एक सेन्सर असतो. माणूस चाकाला किती जोर देतो, कुठल्या बाजूला देतो, ते तो मोजतो आणि तेवढी मदत मोटार करते. संच बदलला की गाडीला एकदा शिकवावं लागतं, की चाक सरळ आहे आणि हात लागलेला नाही, हे शून्य. ते शिकवायला यंत्र लागतं. माझ्या गाडीला कुणी ते शिकवलंच नव्हतं. त्यामुळं तिला वाटत होतं, की मी सतत थोडं डावीकडं दाबते आहे, आणि ती इमानानं मला डावीकडं मदत करत होती. फरक मर्यादेबाहेर गेला की आतला संगणक स्वतःला धोक्यात समजून मदत एकदम बंद करतो. मग चाक दगड होतं. आणि अशा वेळी माणसाला कळावं म्हणून पिवळा दिवा लागतो.

"दिवा लागत नाही," मी म्हटलं. "तो का लागत नाही ते उघडून बघा."

त्यानं समोरचा मीटर बाहेर काढला, उलटा केला. दिव्याच्या जागेवर काळी टेप लावलेली होती. अगदी नेमकी कापलेली, दिव्याएवढी, शेजारच्या दिव्यांवर जराही न गेलेली. भाऊजींचा हात चांगला आहे, हे मी आधी म्हटलंच.

त्यानं टेप काढली, गाडी सपाट जागी नेऊन चाकं सरळ केली, मला हात बाजूला ठेवायला सांगितले आणि यंत्रावर काहीतरी दाबलं. पडद्यावर हिरवं काहीतरी आलं. झालं, म्हणाला. चहा पिऊन होईल एवढ्या वेळाचं काम. मी बायपासवर गेले, हात सैल सोडले. गाडी सरळ गेली, दोरी ताणावी तशी. मला आनंद व्हायला हवा होता. मी कडेला गाडी उभी केली आणि तोंडावर पदर धरून ओरडले. ट्रक जात होते, कुणाला ऐकू गेलं नसेल.

तिथून मी सरळ गॅरेजला गेले. भाऊजी एका मोटारीखाली होते. बाहेर आले, हात पुसत. मी टेप त्यांच्या पुढ्यात धरली. त्यांना लगेच कळलं. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, एवढं मला कबूल करायला हवं. म्हणाले, संच बसवल्यावर दिवा विझेना. त्यांच्याकडं ते यंत्र नव्हतं, इंदूरच्या ओळखीच्या माणसाकडून आणायचं राहून गेलं. चालवायला तर हलकी झालीच होती.

"तुम्ही घाबरला असता वहिनी, रोज दिवा बघून," ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "आणि मी दादाला विचारूनच केलं."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

हे जेवायला बसले होते. मी वाढून झाल्यावर समोर बसले आणि विचारलं. यांनी घास संपवला. पाणी प्यायले. म्हणाले, "दिवा लागला असता तर तू रोज त्याच्याकडं गेली असतीस. त्याचं डोकं खाल्लं असतंस. मी म्हटलं, यंत्र मिळेपर्यंत झाकून टाक."

"मी सांगत होते की ओढते. तुम्हाला माहीत होतं मी खरं बोलते आहे."

"इतकं होईल असं वाटलं नव्हतं."

"गौरीच्या दिवशी तुम्ही हसलात."

ते म्हणाले, की झालं ते झालं, आईंना कशाला सांगायचं, त्यांना त्रास होईल. ताटात भाजी उरली होती ती त्यांनी पोळीनं पुसून घेतली.

मी आईला सांगितलं. त्याच संध्याकाळी, तिचे केस विंचरताना. सेन्सर आणि शून्य यांतलं तिला किती समजलं कोण जाणे, पण टेपचं समजलं. मी वाट पाहत होते, की ती म्हणेल, म्हणजे तू नीटच चालवत होतीस. ती म्हणाली, "जावईबापूंना काही बोलू नकोस. माझ्यापायी तुझ्या घरात नको."

मी विंचरत राहिले.

मुलगा पुण्याला असतो. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मम्मी, चाचा का इंटेन्शन गलत नहीं था ना. छोड़ो अब." सासूबाईंना कुणी सांगितलं मला माहीत नाही, त्या माझ्याशी जास्त गोड बोलायला लागल्या, एवढंच. भाऊजींनी गॅरेजमध्ये ते यंत्र घेतलं आहे आणि आता बाहेर पाटीवरही लिहिलं आहे, की इलेक्ट्रिक स्टिअरिंगचं काम खात्रीनं होईल. यांच्याशी मी भांडले नाही. काय हवं, काय संपलं, कुणाचा फोन आला, एवढं आम्ही बोलतो. माझी गाडी भोपाळ रस्त्याला जात नाही, आणि त्याबद्दल आता घरात कुणी विचारत नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर आई एक दिवसही थांबली नाही, धारला गेली. मनगट पूर्ण वळत नाही. उंबऱ्यावरची रांगोळी ती आता शेजारच्या मुलीकडून काढून घेते. ज्या डोळ्याचं इंजेक्शन चुकलं त्यानं तिला कडेकडेचं दिसतं, मधे धूर दिसतो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर झालं असतं तर इतकं गेलं नसतं. ते यांच्यासमोरच म्हणाले. हे मोबाइल बघत होते.

इंजेक्शनं अजून चालू आहेत, निदान दुसरा डोळा राहावा म्हणून. मी शनिवारी जातेच. मी आईला गाडीत बसवून दाखवलं, स्टिअरिंग सोडून दाखवलं, दिवा लागून विझतो तो दाखवला. ती म्हणाली, हो गं, चांगली झाली आहे. पण पुढच्या खेपेला मी पोचले तेव्हा दाराशी टॅक्सी उभी होती. शेजारच्या मुलीकडून फोन करवून तिनं ती बोलावली होती. टॅक्सीवाला वयस्क होता, कपाळाला टिळा लावलेला. आईनं मागचं दार त्याला उघडायला लावलं, पाय उचलून आत ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला इंदूरहून तसंच देवासला जायचंय ना. तू आपली मागून ये."

तेव्हापासून आम्ही असेच जातो. धारहून इंदूरपर्यंत ती पुढच्या गाडीत मागच्या सीटवर, आणि मी तिच्या मागून, माझ्या गाडीत, एकटी.